एक्केचाळीस नंबरचा हुंदका

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या नाहीत, वही दिली. म्हणजे वही मीच विकत घेतली, हुकूम त्यांचा. "छातीत धडधडायला लागलं की लिहून काढा. आधी कशाची भीती वाटली ते, आणि पुढे ती खरी ठरली का ते. महिन्याने मला दाखवा." हृदयाचा आलेख एकदम स्वच्छ आला होता, त्यामुळे हुज्जत घालायला तोंड नव्हतं.

तर आजच्या भीती. गॅस चालू राहिला. (नाही.) लिफ्ट मधेच अडकणार. (नाही.) आई दुपारी फोन उचलत नव्हती, म्हणजे बाथरूममध्ये पडली असणार. (नाही. शेजारणीकडे गप्पा छाटत होती, आणि वर मलाच म्हणाली, "तुला काय गं, रोज दुपारी माझं मरण दिसतं?") घरात आम्ही दोघीच. दादा-वहिनी रविवारी येतात तेवढीच गडबड.

कामाबद्दल डॉक्टरीणबाईंना जसं सांगितलं तसंच लिहिते. मी आवाज लपवते. माणसाचे शब्द तेच राहतात, आवाज मात्र जगात नसलेल्या कुणाचा तरी होतो. असे साठ बायकांचे आवाज मी दोन वर्षं घालवून लपवलेत. सगळ्या मारहाणीतून पळून आलेल्या, एका आसरा-केंद्रात राहिलेल्या. घाबरलेला माणूस नीट बोलत नाही, आणि मदतीच्या फोनवर बसवलेल्या यंत्रांना नीट बोलणाऱ्याचंच कळतं. त्या यंत्रांना घाबरलेलं बोलणं शिकवायचं तर घाबरलेल्या माणसांचंच बोलणं हवं. बायका तयार झाल्या. एकच अट घातली, आम्ही कोण ते कुणालाही कळता कामा नये.

शुक्रवारी या फाइल्स बाहेरच्या संशोधकांना खुल्या होणार. भीती: कुणीतरी आवाज उलटा फिरवून मूळ आवाज काढेल. खरी ठरली का, ते अजून कळायचंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज यादी फाडली. कोणत्या नंबरची बाई कोण, ही यादी एकाच कागदावर होती, तिची दुसरी प्रत नाही. मी आणि कलमताई दोघी कागद कापायच्या यंत्रापाशी उभ्या राहिलो. कलमताई म्हणजे आमच्या विभागातली वकीलबाई. चहा सांडला तरी कुठल्या कलमाखाली येतो ते सांगते, म्हणून हे नाव मीच ठेवलं आणि आता शिपायापासून सगळे तेच म्हणतात. यादीच्या शेवया बाहेर आल्या तेव्हा ती म्हणाली, "जे आपल्याकडे नाहीच, ते आपल्याकडून जाणारही नाही." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मुलाखतींमधली माणसांची नावं, रस्ते, तारखा, सगळं शिट्टीखाली दाबलंय. आवाज ओळखणाऱ्या यंत्रालाही साठच्या साठ फाइल्स ऐकवल्या. मूळ आवाज त्याच्याकडे असूनही त्याला एकही बाई ओळखता आली नाही. विभागप्रमुख सरांनी छोटंसं भाषण ठोकलं. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. आईने कात्रण फ्रिजवर लावलं.

जीव भांड्यात पडला म्हणतात तो हाच असावा. आज धडधड नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एका गृहस्थांचा फोन आला होता. डबिंग स्टुडिओत वीस वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करतात, आता या वयात ध्वनिशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम करतायत. या कामावरचा माझा शोधनिबंध त्यांनी शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचलाय. दादाने तर अजून शीर्षकही नीट वाचलेलं नाही.

मला माणसं आवाजावरूनच लक्षात राहतात, धंद्याची खोड. या गृहस्थांचा आवाज मऊ, घाई अजिबात नाही. वाक्य सुरू करण्याआधी दोनदा खाकरतात. पहिल्यांदा खाली, दुसऱ्यांदा जरा वर चढवून. डबिंगवाल्या माणसाने स्वतःच्या घशाची अशी हेळसांड करावी, याचं मला हसू आलं.

म्हणाले, "मॅडम, आवाज सगळेच बदलतात हो. पण निबंधासोबतच्या तुमच्या नमुन्यात श्वास जिवंत आहेत. ते कसं जमवलंत?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी वीस मिनिटं बोलले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डबिंगवाल्यांचा अर्ज आला. सोबत अभ्यासक्रमाचं पत्र, सही-शिक्क्यासकट. कुठल्याही अर्जावर दोन सह्या लागतात, माझी आणि कलमताईची. ती अर्ज करणाऱ्याच्या संस्थेला स्वतः फोन करते, मगच सही करते. पण ती बहिणीच्या बाळंतपणासाठी सोमवारपर्यंत रजेवर आहे. गृहस्थांना म्हणे शनिवारी प्रकल्पाचा विषय द्यायचाय. दोनदा खाकरून म्हणाले, "तुमची अडचण समजते मॅडम. नाही जमलं तर मी दुसरा विषय घेईन."

दुसरा विषय घेईन म्हटल्यावर मला वाईट वाटलं. कलमताईच्या जागी मी "तोंडी संमती घेतली" असं लिहिलं आणि फाइल्स खुल्या करून दिल्या. ती आली की सांगेन. फोन करून विचारता आलं असतं, पण बाळंतिणीच्या खोलीत फोन कशाला वाजवायचा?

भीती: कलमताई रागावेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कलमताई कालच आली. भाचीचे फोटो दाखवत होती. सांगायचं राहिलं.

डबिंगवाल्यांचा लांबलचक मेल. प्रश्न असे नेमके, की परीक्षक म्हणून बोलवावं. श्वास मूळचे आहेत की नंतर बसवलेत? मधल्या शांततेत काही कापलंय का? प्रत्येक मुलाखत सलग आहे ना? सगळ्या बायका गेल्या दोन वर्षांतल्याच ना?

मी पानभर उत्तर लिहिलं. प्रोग्रॅम आधी रेकॉर्डिंगचे दोन ढीग करतो, बोलणं आणि बाकीचं. बोलण्यावर नवा आवाज चढतो. बाकीचं, म्हणजे खुर्चीची करकर, पंखा, श्वास, शांतता, तसंच मूळचं ठेवतो. नाहीतर ऐकणाऱ्याला डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं. हाच माझा शोध, हेच माझं वेगळेपण, वगैरे वगैरे. लिहिताना कान गरम झाले होते. स्वतःची स्तुती करायची संधी कुणी इतक्या आदराने देत नाही.

शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "घरी हल्ली मी एकटाच असतो. शांततेत ऐकायला भरपूर वेळ मिळतो." बिचारे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मेल, एकच ओळ: "मॅडम, हवं ते मिळालं. आपला फार आभारी आहे."

आई म्हणते मी आज गुणगुणत होते. भीती: काही नाही. डॉक्टरीणबाई खूश होतील.

२३ फेब्रुवारी, रविवार



क्रमाने लिहायला हवं. दुपारी दादा-वहिनी आले. जेवणं झाल्यावर दादा म्हणाला, तुझं ते आवाज लपवायचं यंत्र तरी दाखव एकदा. मी आईला आतल्या खोलीत नेलं, दोन मिनिटं बोलायला लावलं आणि आवाज बदलून बाहेर सगळ्यांना ऐकवलं. कोण आहे ओळखा! आई स्वतःच्या लग्नात फोटोग्राफर स्टेजवरून कसा पडला ते सांगत होती. पण आवाज कुणा पंचविशीतल्या मुलीचा. दादा म्हणाला, वहिनीची बहीण. वहिनी म्हणाली, टीव्हीवरची बातम्यावाली. मी ऐटीत उभी.

मग गोष्टीतला फोटोग्राफर पडला आणि रेकॉर्डिंगमधली आई हसली.

आई हसते तेव्हा शेवटी नाकातून एक फुर्रकन आवाज येतो. दादा खुर्चीतून उडालाच. "अगं, ही तर आई!" वहिनीने टाळी दिली. आई लाजली. सगळे पोट धरधरून हसले, मीही हसले. हसता हसता मी मधेच थांबले.

हसणं बोलण्याच्या ढिगात गेलंच नव्हतं. हसण्यात शब्द नसतात. प्रोग्रॅमने ते "बाकीचं" धरून जसंच्या तसं ठेवलं होतं. आईचं, मूळचं.

मी खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. साठ बायकांच्या त्या मुलाखतींत हसणं फारसं नाही. पण रडणं आहे. तेवीस फाइल्समध्ये आहे. मी एकेक लावून ऐकली. परकी, गुळगुळीत, जगात नसलेली बाई बोलते, बोलते, आणि मग मधेच एक खरी बाई रडते.

माझी ती परीक्षा! आवाज ओळखणारं यंत्रही सुरुवातीलाच शब्द नसलेलं सगळं बाजूला टाकतं. कॉपी करणाऱ्याच्या हातीच पेपर तपासायला दिला होता मी. रडणं मी बाकीच्यात टाकलं. खुर्चीच्या करकरीबरोबर.

एक्केचाळीस नंबरच्या फाइलमध्ये सर्वांत जास्त रडणं आहे, एक मिनिट चाळीस सेकंद.

मग एक गोष्ट पाहिली, जी पाहायला नको होती असं वाटतंय. कुणी कोणती फाइल किती वेळा उघडली याची आपोआप नोंद राहते. अकरा संस्थांनी सगळ्या फाइल्स एकेकदा उतरवून घेतल्यात. डबिंगवाल्यांनी मात्र एकेक फाइल उघडलीय, क्रमाने, रोज दहा-बारा. एक्केचाळीसपर्यंत. ती नऊ वेळा. त्यानंतर एकही नाही. शेवटची वेळ गुरुवार संध्याकाळ.

हवं ते मिळालं.

कलमताईला फोन करायला हातात घेतला. काय सांगू? तुझी संमती मी परस्पर लिहिली, हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगताच येत नाही. ठेवला. पुन्हा घेतला. आई दार वाजवून म्हणाली, "चहा केलाय, गार होतोय." उद्या सकाळी तोंडावरच सांगेन. फोनवर असलं बोलू नये. माझा भलताच तर्कही असेल. गॅस, लिफ्ट, बाथरूम, आजवर एकतरी भीती खरी ठरली आहे का?

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुपार, केंद्राच्या बाहेरच्या बाकावर

टॅक्सीची वाट पाहतोय. कलमताई फोनवर पोलिसांशी बोलतेय. तेवढ्यात लिहिते, नाहीतर मला श्वास घेता येणार नाही.

सकाळी नऊला तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "माझी तोंडी संमती? मी कधी दिली?"

"दिली नाहीस. मी लिहिलं."

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्यावर नंतर बोलू. आधी ती बाई."

तिने त्या अभ्यासक्रमाच्या कचेरीत फोन लावला, जो तिने तेराला लावला असता. या नावाचा विद्यार्थी नाही. पत्रावरचा शिक्काही त्यांचा नाही. गृहस्थांचा फोन बंद.

सर म्हणाले, "अरे, एका हुंदक्यावरून कोण कुणाला ओळखणार? बुधवारी समिती बोलावू. कायद्याने कळवायला बहात्तर तास आहेत ना?"

कलमताई म्हणाली, "ते बहात्तर तास आपल्याला आहेत, सर. तिला किती आहेत ते त्या माणसाला विचारावं लागेल."

मग तिने मला विचारलं, "एक्केचाळीस म्हणजे कोण?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कोपऱ्यात कागद कापायचं यंत्र.  बाईला सावध करायचं तर ती कोण ते कळायला हवं, आणि ते कुणालाही कळू नये याची मीच चोख व्यवस्था करून ठेवली होती. जगात एकाच माणसाला ठाऊक होतं की एक्केचाळीस म्हणजे कोण, आणि त्याला ते मी सांगितलं होतं.

पुन्हा फाइल लावली. या वेळी शब्द ऐकले. नावं दाबलेली, पण बाकी सगळं आहे. "मी आता लाँड्रीत काम करते. हॉटेलांच्या चादरी येतात. वरच्या खोलीतच झोपते. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, तिच्यावर घड्याळाची मोठी जाहिरात. बंद पडलेल्या घड्याळाची, म्हणजे चित्रच ते, त्यात कायम दहा वाजून दहा मिनिटं." हे तिने हसून सांगितलंय. बोलणारी कोण हे ठाऊक नसलं तर यात काहीच नाही. ठाऊक असलं तर हा पत्ता आहे. हे वाक्य मी स्वतः तपासून, निर्धोक म्हणून पुढे सोडलं होतं.

अशा जाहिराती शहरात निदान तीस टाक्यांवर असतील. मग मला केंद्रातल्या मावशी आठवल्या. बायका तिथे आल्या की पहिले काही दिवस या मावशी त्यांच्या खाटेजवळ बसतात. त्यांना मुलाखती, नंबर, काही ठाऊक नाही. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि फक्त ते एक मिनिट चाळीस सेकंद ऐकवलं.

अर्ध्यातच त्यांनी हात वर केला. "बंद कर. ही तिसऱ्या खाटेवरची. आधी श्वास धरते बघ, मग तीन वेळा तुटक, आणि मग मांजराच्या पिल्लासारखं बारीक. सहा रात्री ऐकलंय मी हे. तू कशाला आणलंस ते इथं?"

मी सांगितलं. त्यांनी पदराने हात पुसले आणि लाँड्रीचा नंबर शोधायला आत गेल्या. लाँड्रीत कुणी फोन उचलत नाहीये.

त्यांच्या कानाने तिला ओळखलं, कारण ती रडताना त्या जवळ होत्या. तसा जवळ असलेला दुसरा माणूस एकच. तो तर तिच्या रडण्याचा जाणकारच असणार.

टॅक्सी आली.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती सापडलेली नाही.

लाँड्री दोन गल्ल्यांच्या बेचक्यात आहे. वाफेने काचा आंधळ्या झालेल्या, कपड्यांचे ढीग छातीएवढे. टाकी समोरच. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं. मालकीणबाई म्हणाल्या, सकाळी साडेसातला एक सभ्य माणूस आला होता. आपण तिचा मोठा भाऊ, आईची तब्येत बिघडलीय, तिला न्यायला आलोय असं म्हणाला. बोलणं फार नम्र. त्या त्याला जिन्याने वर घेऊन गेल्या, तर खोली रिकामी. अंथरूण गरम होतं. चपला तिथेच होत्या.

"तो तासभर बसला होता. जाताना मला आभारी आहे म्हणाला."

साडेसातला मी बसस्टॉपवर उभी होते. कलमताईला पहिलं वाक्य कसं सांगायचं ते जुळवत होते. काल चहा गार होण्याआधी तो एक फोन केला असता तर ती काल संध्याकाळीच तिथून हलली असती.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. लिहून घेणाऱ्याने विचारलं, "रडण्यावरून ओळखलं? म्हणजे नक्की कसं लिहू?" कलमताईने सांगितलं ते त्याने शब्दशः लिहिलं.

चपला तिथेच होत्या. हे मला डोक्यातून काढता येत नाहीये. आईला काही सांगितलेलं नाही. ती टीव्हीचा आवाज कमी करून बसलीय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जिवंत आहे! जिवंत आहे.

सकाळी मावशींचा फोन. ती काल दुपारीच दुसऱ्या टोकाच्या एका हॉटेलातून चालत निघाली, अंधार पडेपर्यंत एका दवाखान्याच्या रांगेत बसून राहिली, आणि मग केंद्राच्या मागच्या दाराशी आली. अनवाणी. मावशींनी आधी तिला झोपू दिलं आणि सकाळी मला कळवलं. "तुला रात्रभर झोप नसेल आली, पण तिला यायला हवी होती," म्हणाल्या. बरोबरच आहे.

मी आईच्या गळ्यात पडले. आईला वाटलं बढती मिळाली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज तिला भेटले. तिचं नाव आता मला ठाऊक आहे. ते इथे लिहिणार नाही, कुठेच लिहिणार नाही.

तिशीची असेल. हात वाफेने लाल झालेले. मला वाटलं होतं ती ओरडेल, निदान तोंड फिरवेल. तिने मला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, अर्ज, सही, रविवारचा चहा, काही लपवलं नाही. ती मधे मधे मान हलवत होती, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकतेय.

मी विचारलं, "तुम्ही निसटलात कशा?"

"त्याचं खाकरणं ऐकलं. खाली मालकीणबाईंशी बोलायच्या आधी दोनदा खाकरला. घरी दार उघडायच्या आधीही तसंच करायचा. तेवढ्यात मी पोळपाट-लाटणं नाहीतर जे काय हातात असेल ते ठेवून भिंतीला लागायचे. आठ वर्षं. ते ऐकलं की पाय आपोआप चालतात बघा. मागच्या जिन्याने खाली, धुतलेल्या चादरींची गाडी भरून उभीच होती, तिच्यात शिरले. वर गठ्ठे ओढून घेतले."

मला ते खाकरणं दोन आठवड्यांपासून ठाऊक होतं. मी त्याला हसले होते.

"मॅडम, तुमच्याकडे आहे ते माझं रडणं. ते काढून टाका."

मी तिला खरं तेच सांगितलं. आमच्याकडून काढलंय. अकरा संस्थांना पत्रं गेलीत, त्याही काढतील. पण त्याच्याकडची प्रत त्याच्याकडे राहणार. ती परत आणता येत नाही.

"आणि परत कुठे मी रडले, आणि तिथं असं काही चालू असलं, फोन, यंत्र, काहीही, तर त्याला पुन्हा कळेल?"

तिला खोटा धीर द्यावा असं मनापासून वाटलं. कुलूप तुटलं तर बदलता येतं. हे कसं बदलणार? मी म्हटलं, "कळू शकेल."

ती थोडा वेळ बोटांवरची सालं काढत बसली. मग म्हणाली, "मग टॉवेल. दातात घट्ट धरायचा, आणि श्वास नाकाने. अजिबात आवाज येत नाही. लाँड्रीत टॉवेलांना काय तोटा." आणि हसली. मावशी उठून आत गेल्या.

निघताना दारात तिने मला थांबवलं. "त्याने तुम्हाला फोन केला होता ना? मग तुमचाही आवाज आहे त्याच्याकडे. जपा."

५ मार्च, बुधवार

तिला दुसऱ्या गावी पाठवलंय. कुठे ते मावशींनी मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. अकरा संस्थांची उत्तरं आली, फाइल्स नष्ट केल्या म्हणून. पोलिसांना तो सापडलेला नाही. स्टुडिओतल्या लोकांना तो फार सज्जन वाटायचा.

सहीच्या प्रकरणाची चौकशी होणार आहे. ती कलमताईनेच लावली, आणि रोज दुपारी माझ्याबरोबर जेवतेही. आज डबा उघडताना एवढंच म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत फोन वाजला असता तर भाची दोन मिनिटं रडली असती. बस."

सर विचारत होते, रडणंही लपवता येईल असा प्रोग्रॅम करायला किती महिने लागतील. मी सांगितलं, माहीत नाही. आधी रडणं गोळा करावं लागेल.

९ मार्च, रविवार

उद्या डॉक्टरीणबाईंना वही दाखवायची आहे. संध्याकाळी पानं चाळली. गॅस, नाही. लिफ्ट, नाही. आवाज कुणी उलटा फिरवेल, नाही. कलमताई रागावेल, तिथे काय लिहावं ते सुचलं नाही. आणि २१ तारखेला, "भीती: काही नाही."

दादा-वहिनी नुकतेच गेले होते. आई भांडी आवरत होती. फोन वाजला. नंबर अनोळखी. मी "हॅलो" म्हटलं.

दोनदा खाकरल्याचा आवाज. पहिला खाली, दुसरा जरा वर चढवून.

पुढे काही नाही. मी बोलले नाही, तोही बोलला नाही. मागे कुठेतरी पंखा फिरत होता. तो ऐकत होता. मी श्वास रोखून धरला, पण किती वेळ धरणार? शेवटी सोडावा लागला. मग फोन बंद झाला.

कलमताईला कळवलं, लगेच, या वेळी एक मिनिटही थांबले नाही. ती पोलिसांशी बोलतेय, निघालीय. दाराची कडी लावली, खिडक्या लावल्या. मग बाथरूममध्ये गेले, कारण रडू आलं होतं आणि थांबेना. खुंटीवर आईचा टॉवेल होता. तो दातात धरला. तिने सांगितलं होतं ते अगदी खरं आहे, आवाज येत नाही.

बाहेरून आई म्हणाली, "काय गं, केव्हाची आत आहेस. बरी आहेस ना?"

मी टॉवेल काढला, नाकाने दोन श्वास घेतले, घसा साफ केला नाही. "बरी आहे," म्हटलं.